स्टेपनी : वेल्समधील एक रस्ता आणि भारतीय मोटारीच्या डिकीतील पाचवे चाक

जुलै २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक लहानसा बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला ट्यूबविरहित टायर, टायरमधील हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच उत्पादकानेच पुरवला असेल, तर त्या मोटारीत जादा चाक असणे यापुढे बंधनकारक राहिले नाही. मोकळ्या होणाऱ्या जागेत विजेवरील मोटारींच्या मोठ्या बॅटऱ्या मावू शकतील, असाही विचार त्यामागे सांगण्यात आला. महासाथीच्या त्या वर्षात या बातमीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वास्तविक, मोटारीच्या शंभर वर्षांहून जुन्या सोबत्याला निरोप देण्याची ती सुरुवात होती.

या सोबत्याचे भारतातील नाव आहे स्टेपनी. काश्मीरपासून केरळपर्यंत, ट्रकचालकापासून गॅरेजमधील पोऱ्यापर्यंत सर्वांना हा शब्द कळतो. बदली किंवा राखीव माणसालाही गमतीने स्टेपनी म्हटले जाते. हा शब्द ज्या ब्रिटनमधून आला, तेथे मात्र या अर्थाने तो आज क्वचितच कोणाला कळेल. बांगलादेशात तो टिकला, माल्टात टिकला आणि ब्राझीलमध्ये ‘एस्तेपे’ या रूपाने टिकला. शब्दाचा हा प्रवास म्हणजे हवेवर चालणाऱ्या चाकाचा, त्या चाकाच्या वारंवार होणाऱ्या अपयशाचा आणि त्या अपयशाशी माणसाने केलेल्या तडजोडीचा इतिहास आहे. त्या इतिहासाचा शेवटचा अध्याय थोडा अस्वस्थ करणारा आहे. चाक जसजसे भरवशाचे होत गेले, तसतसे त्याच्याकडे पाहणे माणसाने सोडून दिले.

चाकात हवा भरण्याची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक पडते. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना गंधक मिसळून रबर तापवण्याचा मार्ग सापडला आणि हा दोष दूर झाला. गंधकाचे अणू रबराच्या लांबलचक रेणूंना ठिकठिकाणी एकमेकांशी बांधतात. त्यामुळे ताणलेले रबर पुन्हा मूळ आकारात येते. १८४५ मध्ये रॉबर्ट विल्यम थॉमसन या अवघ्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश अभियंत्याने या नव्या रबराचा उपयोग करून ‘हवाई चाका’चे एकस्व मिळवले. रबर लावलेल्या कापडाची हवाबंद नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण, अशी त्याची रचना होती. दोन वर्षांनी लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ही चाके लावून त्यांचे प्रात्यक्षिकही झाले. गाडी ओढण्यास कमी जोर लागत होता आणि खडखडाटही जवळजवळ नव्हता. तरीही या शोधाला गिऱ्हाईक मिळाले नाही. त्या काळी रस्त्यावर इतक्या वेगाची निकड असलेले वाहनच नव्हते.

पुढे चार दशकांनी बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून काढली. १८८८ मध्ये त्याला एकस्व मिळाले. थॉमसनचा जुना दस्तऐवज पुढे आला, तेव्हा अवघ्या दोन-तीन वर्षांत ते रद्दबातल ठरले. एकस्व गेले, पण बाजारपेठ राहिली, कारण आता सायकल आलेली होती.

या शोधाचे मर्म साध्या गणितातून समजते. बाराशे किलो वजनाच्या मोटारीचे एक चाक सुमारे तीनशे किलो भार वाहते. टायरमध्ये ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो, इतका दाब असेल, तर हा भार तोलण्यासाठी टायरचा साधारण १३५ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकावा लागतो. हे क्षेत्रफळ माणसाच्या तळहाताएवढे आहे. म्हणजे संपूर्ण मोटार चार तळहातांवर धावते, त्यांच्याच आधारे वळते आणि थांबते. भार पेलते ती मुख्यतः आत कोंडलेली हवा. रबर, दोरे आणि पोलाद यांचे काम त्या हवेला कोंडून ठेवण्याचे आहे. दाब घटला की तळहात पसरतो, टायरची बाजूची भिंत अधिक वाकते आणि पुढील साऱ्या संकटांची सुरुवात तेथे होते.

मोटारीला हवेची चाके लावण्याचे धाडस फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी केले. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत आंद्रे आणि एदुआर मिशेलिन हवेच्या टायरवरील मोटार घेऊन उतरले. सुमारे बाराशे किलोमीटरच्या त्या वाटेवर त्यांचे टायर पुन्हा पुन्हा निकामी झाले आणि विजय त्यांच्या वाट्याला आला नाही. तथापि, जड मोटारही हवेवर धावू शकते, हे सिद्ध झाले. त्याचबरोबर तिला किती वेळा थांबावे लागते, तेही जगाला कळले.

त्या काळचे रस्ते घोड्यांचे होते आणि घोड्यांच्या नालांतून निखळलेले खिळे सर्वत्र विखुरलेले असत. चाक मोटारीपासून सहज सुटत नसे. ते आसाला पक्के जोडलेले असे. त्यामुळे पंक्चर झाले की चालकाला रस्त्याच्या कडेला बसून लोखंडी पट्ट्यांनी टायरची कड उचकटावी लागे, ट्यूब बाहेर काढून छिद्र शोधावे लागे, ठिगळ लावून सारे पुन्हा बसवावे लागे आणि हातपंपाने घाम गळेपर्यंत हवा भरावी लागे. पाऊस असो वा काळोख, दुसरा इलाज नव्हता. लांबच्या प्रवासात हा खटाटोप दिवसातून अनेकदा करण्याची वेळ येई.

यावरचा तोडगा वेल्समधील लानेली या गावात निघाला. थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांचे लोखंडी सामानाचे दुकान तेथील ‘स्टेपनी स्ट्रीट’वर होते. स्टेपनी हे त्या परिसरातील जुन्या जमीनदार घराण्याचे नाव. १९०४ मध्ये या भावांनी आरे नसलेले एक कडे तयार केले. त्यावर हवा भरलेला टायर आधीच चढवलेला असे. पंक्चर झालेले चाक काढण्याची गरजच नव्हती. हे कडे त्या चाकाच्या बाजूला पकडींनी घट्ट बसवायचे आणि निघायचे. निकामी चाक जागेवरच राही आणि भार शेजारच्या कड्यावर जाई. युक्ती अतिशय साधी होती आणि म्हणूनच ती यशस्वी झाली. लंडनच्या टॅक्सींनी ती स्वीकारली आणि ब्रिटिश साम्राज्याच्या व्यापारी वाटांनी ‘स्टेपनी व्हील’ दूरदूरच्या बंदरांत पोहोचले.

त्यानंतर थोड्याच वर्षांत संपूर्ण चाकच नट सोडवून काढता येईल, अशी रचना रूढ झाली. डेव्हिस बंधूंच्या कड्याची गरज संपली. ब्रिटनमध्ये वस्तूबरोबर शब्दही लोपला. भारतात मात्र वस्तू बदलली तरी नाव तेच राहिले. ज्यांनी मूळचे कडे कधी पाहिलेही नव्हते, त्यांनी नव्या जादा चाकाला जुने नाव बहाल केले आणि पुढे भारतीय भाषांनी ते आपलेसे केले.

भारतीय रस्त्यांवर स्टेपनीचे महत्त्व पाश्चात्त्य देशांहून अधिक काळ टिकले, याला कारणे आहेत. भारतात रबराची व्यापारी लागवड १९०२ मध्ये केरळात, पेरियार नदीकाठच्या थट्टेक्कड येथे सुरू झाली. टायरचे उत्पादन मात्र बराच काळ परकीय कंपन्यांच्या हाती होते. १९३६ मध्ये बंगालमधील हुगळीकाठच्या साहागंज येथे डनलॉपचा कारखाना उभा राहिला. त्या कंपनीच्या नावात बेलफास्टच्या त्या पशुवैद्याचे नाव होते. १९४६ मध्ये मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे के. एम. मम्मेन माप्पिलै यांनी एका शेडमध्ये खेळण्यातले फुगे बनवण्यास सुरुवात केली. १९५२ पासून ते झिजलेल्या टायरवर चढवण्याचे रबर बनवू लागले आणि साठच्या दशकात प्रत्यक्ष टायर. आजची एमआरएफ ही कंपनी त्यातून उभी राहिली. आधी रबर चढवण्याचा व्यवसाय आणि मग टायरचा, हा क्रमही बोलका आहे. नवा टायर महाग होता आणि सहज मिळत नव्हता. टायर गुळगुळीत होईपर्यंत वापरायचा, मग त्यावर रबर चढवायचे आणि तोही संपला की त्याला स्टेपनीची जागा द्यायची, अशी काटकसरीची रीत देशभर रुजली. मोटारीतील सर्वांत वाईट टायर डिकीत असतो, ही गोष्ट त्या रीतीतून आली आणि अनेक मोटारींच्या बाबतीत ती अजूनही खरी आहे.

दरम्यान टायर अंतर्बाह्य बदलत होता. १९३७ मध्ये अमेरिकेतील स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी ब्युटाइल रबर तयार केले. हवेचे रेणू रबरातूनही हळूहळू पाझरतात. नैसर्गिक रबराच्या तुलनेत ब्युटाइलमधून हे पाझरणे सुमारे दहा पटींनी कमी असते. दुसऱ्या महायुद्धानंतर मिशेलिनने रेडियल टायर आणला. त्यात आवरणातील दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीच्या थराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळे टायर कमी तापतो आणि अधिक टिकतो. त्याच सुमारास अमेरिकेत ट्यूबविरहित टायर आला. ट्यूब फाटली की हवा क्षणात निघून जाते. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये घुसलेला खिळा स्वतःच बुचाचे काम करतो आणि हवा सावकाश गळते. भारतात रेडियल टायरची निर्मिती १९७७ मध्ये जेके टायरने सुरू केली. अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या पिढीने ट्यूब, ठिगळ आणि पंप यांच्यासह संसार केला. नव्या शतकात ट्यूबविरहित रेडियल टायर सर्वसामान्य मोटारींत आले आणि पंक्चर ही नित्याची घटना न राहता क्वचित घडणारी अडचण झाली.

येथून विस्मरणाला सुरुवात होते. ज्याला आठवड्याला एकदा चाक बदलावे लागत होते, तो टायर कसा दिसतो, कसा वाजतो, कोठे झिजतो हे जाणून होता. ज्याला पाच वर्षांत एकदाही चाक बदलावे लागले नाही, त्याला जॅक कोठे ठेवला आहे हेही ठाऊक नसते. पण हवेचे गणित मात्र बदललेले नाही. उत्तम टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय हवा पाझरून जाते. म्हणजे सहा महिने न पाहिलेला टायर ३२ वरून २६ वर येऊ शकतो आणि वर्षभर विसरलेली स्टेपनी वीसच्या आसपास. डोळ्यांना त्यातले काही सहजासहजी कळत नाही, कारण रेडियल टायरची बाजू पुरेशी हवा असतानाही किंचित फुगलेली दिसते.

कमी हवेचा टायर फुटतो कसा, हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण भारतात नेमकी उलटी समजूत खोलवर रुजली आहे. उन्हाळ्यात हवा प्रसरण पावते, दाब वाढतो, म्हणून टायर फुटतात, सबब उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी, असा सल्ला असंख्य चालक देतात आणि घेतात. त्यातील पहिले विधान खरे आहे. पहाटे २० अंश तापमानाला ३२ पीएसआयवर भरलेला टायर दुपारी महामार्गावर ६० अंशांपर्यंत तापला, तर वायूच्या नियमानुसार त्यातील दाब सुमारे ३८ वर जातो. परंतु टायरची रचना करणाऱ्याने ही वाढ गृहीत धरलेली असते. चांगल्या स्थितीतील टायर तेवढ्याने फुटत नाही.

टायरला मारते ती वाकण्यातून निर्माण होणारी उष्णता. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे पंधरा वेळा फिरते. टायरचा प्रत्येक भाग तितक्याच वेळा जमिनीवर दबतो आणि पुन्हा सुटतो. रबर ताणताना दिलेली सारी ऊर्जा परत देत नाही. तिचा काही अंश उष्णता होऊन आतच राहतो. हवा कमी असली की प्रत्येक फेरीत वाकणे वाढते, वाकणे वाढले की उष्णता वाढते आणि बाहेरची हवा व रस्ता आधीच तापलेला असल्याने ती बाहेर पडत नाही. शेवटी रबर आणि पोलादी पट्टे यांच्यातील जोड सुटू लागतो. नक्षीचा थर सोलून निघतो किंवा बाजूची भिंत फाटते. आवाज मोठा होतो, म्हणून लोक जास्त हवेला दोष देतात. प्रत्यक्षात अपराध बहुधा कमी हवेचा असतो. तापलेल्या टायरमधून ३८ चे ३२ करण्यासाठी हवा सोडली, तर पहाटे तो टायर २६ वर आलेला असेल आणि दुसऱ्या दिवशी तशाच अवस्थेत पुन्हा महामार्गाला लागेल.

हा २६ चा आकडा टायरच्या इतिहासात एका दुःखद कारणाने नोंदला गेला आहे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतील अनेक टायर फोर्ड एक्सप्लोरर या उंच मोटारीवर होते. धावत्या गाडीत टायरचा नक्षीचा थर अलग होई आणि मोटार उलटे. अमेरिकी महामार्ग सुरक्षा प्रशासनाने अशा अपघातांशी २७१ मृत्यूंचा संबंध नोंदवला. उष्ण हवामानाच्या दक्षिणेकडील राज्यांत असे प्रसंग विशेष घडले. त्या मोटारीसाठी फोर्डने २६ पीएसआय हा दाब सुचवलेला होता आणि दोष टायरच्या रचनेचा, दाबाचा की मोटारीचा, यावर दोन्ही कंपन्यांत कडाक्याचा वाद झाला. जवळजवळ शंभर वर्षांचे त्यांचे नाते त्यात तुटले. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि सप्टेंबर २००७ पासून तेथील सर्व नव्या हलक्या वाहनांत दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. भारताच्या २०२० च्या नियमात स्टेपनीच्या बदली जी यंत्रणा मागितली आहे, तिचा उगम अशा रीतीने या अपघातांत आहे.

ही यंत्रणा दोन प्रकारची असते. एका प्रकारात चाकाच्या आत बसवलेला संवेदक दाब मोजून रेडिओ लहरींनी कळवतो. दुसऱ्या प्रकारात दाब प्रत्यक्ष मोजलाच जात नाही. हवा कमी झालेल्या चाकाची परिणामी त्रिज्या घटते आणि ते इतर चाकांपेक्षा किंचित वेगाने फिरते, हा फरक ब्रेक यंत्रणेतील संवेदक टिपतात. चारही चाकांतील हवा महिनोन्महिने सारखीच घटत गेली, तर हा दुसरा प्रकार फसू शकतो. शिवाय इशाऱ्याचा दिवा केव्हा लागतो, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकी नियमानुसार शिफारशीच्या दाबात २५ टक्के घट झाल्यावर तो लागणे बंधनकारक आहे. ३२ चे २५ टक्के घटले की २४ उरतात. म्हणजे २६ पीएसआयवर, टायर धोकादायक रीतीने तापत असताना, तो दिवा शांत असू शकतो. दिवा लागला नाही याचा अर्थ हवा योग्य आहे असा नव्हे. ती फार कमी झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुरुस्तीच्या संचालाही मर्यादा आहेत. त्यातील द्रव नक्षीच्या भागात खिळ्याने पडलेले लहान छिद्र बुजवतो. खड्ड्याच्या धारेवर आपटून बाजूची भिंत चिरली, तर त्याचा काही उपयोग नाही. खिळ्यांचे राज्य संपले असले तरी खड्ड्यांचे संपलेले नाही. घाटात, वाळवंटातील एकाकी रस्त्यावर किंवा ईशान्येकडील डोंगराळ वाटांवर त्या प्रसंगी पाचवे चाकच कामी येते. एरवी डिकीतील जागा अडवणारी आणि नेमकी नसली की प्रवास रोखणारी स्टेपनी म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा. पण ती असून तिच्यात हवा नसेल, तर अडचण आणि खोळंबा दोन्ही एकाच वेळी पदरी पडतात.

म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या चालकाला अंगवळणी असलेले काही धडे आज पुन्हा लिहून ठेवणे आवश्यक ठरते. हवा महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. दाबाचा योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. टायरच्या बाजूला छापलेला कमाल दाब वेगळा, त्याची गल्लत करू नये. स्टेपनीत दोन-चार पीएसआय जादा ठेवले, तर पाझरण्याची भरपाई होते. नायट्रोजन भरल्याने अपाय नाही, परंतु साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हवा कोणती, यापेक्षा ती किती आहे, हा प्रश्न मोठा आहे. नक्षीच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर मोटारीवर वापरण्यास भारतीय नियमांची परवानगी नाही. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की ही मर्यादा गाठली, असे समजावे. टायरवर कोरलेले चार आकडी उत्पादनचिन्हही वाचावे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेले रबरही हवेतील प्राणवायू आणि ओझोन यांमुळे कडक होत जाते. त्यामुळे कोरी दिसणारी दहा वर्षांची स्टेपनी नवी नसते.

प्रत्यक्ष चाक बदलण्यात सर्वांत मोठा धोका चाकाचा नसून रस्त्याचा आहे. टायर गेल्याचे जाणवताच जोरात ब्रेक न दाबता स्टिअरिंग घट्ट धरावे, वेग आपोआप कमी होऊ द्यावा आणि मोटार रहदारीपासून शक्य तितकी दूर, सपाट व टणक जागी न्यावी. त्या प्रयत्नात टायर पुरता वाया गेला तरी चालेल, कारण टायर बदलता येतो. चारही इशारादिवे लावून, मोटारीबरोबर मिळालेला परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवावा. प्रवाशांनी डाव्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. द्रुतगती मार्गावर रहदारीच्या बाजूचे चाक गेले असेल, तर ते स्वतः बदलण्याचा हट्ट धरू नये. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा मदतीचा क्रमांक त्यासाठीच आहे.

जागा सुरक्षित असेल, तर हातब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, तिरप्या दिशेच्या दुसऱ्या टोकाच्या चाकाला दगड किंवा वीट अडवावी. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. उचललेल्या गाडीचे नट सैल करू गेल्यास चाक फिरते आणि पान्याला दिलेला झटका गाडीला जॅकवरून ढकलतो. जॅक उत्पादकाने खूण केलेल्या जागीच लावावा, अन्यथा पत्रा दबतो आणि जॅक सरकतो. गाडी उचलल्यावर शरीराचा कोणताही भाग तिच्याखाली जाऊ देऊ नये. आधी स्टेपनी आणि नंतर काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवण्याची जुनी चालकांची सवय फार शहाणपणाची आहे. जॅक निसटलाच, तर गाडी त्या चाकावर थांबते. नवे चाक बसवताना नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवावी आणि नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, म्हणजे चाक तिरपे बसत नाही. गाडी खाली घेतल्यावर शेवटचा जोर द्यावा. सामान्य मोटारीला सुमारे शंभर न्यूटन-मीटर आघूर्ण पुरते. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ते साधारण चाळीस किलो जोराइतके होते. पान्यावर उभे राहून उड्या मारल्यास नटाचे आटे जातात. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. स्टेपनी मूळ चाकाहून लहान आकाराची असेल, तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळावी. ती बहुधा ताशी ८० किलोमीटर असते.

स्टेपनी स्ट्रीटवरील त्या दोन भावांना एक सत्य मान्य होते. हवेवर चालणारे चाक केव्हा ना केव्हा निकामी होणारच. त्यांचे कडे त्या मान्यतेतून जन्मले. आजच्या टायरने ते सत्य खोटे ठरवलेले नाही, केवळ लांबणीवर टाकले आहे. नव्या नियमानुसार पुढील पिढीच्या अनेक मोटारींत पाचवे चाक नसेल आणि हळूहळू कदाचित स्टेपनी हा शब्दही विरून जाईल. त्या वेळी मोटारीच्या चार चाकांना आधार देणारे पाचवे चाक उरणार नाही, म्हणून त्या चारांकडे अधिक काळजीने पाहावे लागेल. तूर्त ज्यांच्या डिकीत ते आहे, त्यांनी आज सायंकाळी गालिचा उचलून त्याच्यातील हवा एकदा मोजून पाहावी. अनेकांना तेथे अपेक्षेपेक्षा लहान आकडा दिसेल. तो रस्त्यावर काळोखात दिसण्यापेक्षा घरासमोर दिसलेला बरा.